सवाई जयसिंगाची कसोटी

जयपूरच्या जंतरमंतरातली अवाढव्य यंत्रे पाहिली की सवाई जयसिंगाला भव्यतेची हौस असावी, असे सहज वाटते. त्याचे स्वतःचे म्हणणे वेगळे आहे. बादशहा मुहम्मदशहाला अर्पण केलेल्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या खगोल-सारण्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की आधी जुन्या ग्रंथांबरहुकूम पितळेची यंत्रे करवली, पण ती लहान पडली, त्यांवर अंशांच्या कलांच्या खुणा मावेनात, आस झिजून डगमगू लागले, केंद्र जागचे सरकू लागले. म्हणून दिल्लीत चुन्या-दगडाची यंत्रे उभी राहिली आणि त्यांचे वेध ताडून पाहण्यासाठी जयपूर, मथुरा, काशी, उज्जैन येथेही वेधशाळा झाल्या. चूक नेमकी कुठून शिरते हे आधी शोधायचे आणि मगच उपकरण निवडायचे, ही ती कसोटी. घरच्या छोट्या फायरवॉल राउटरसाठी नेटवर्क कार्ड घेतानाही तीच लावली पाहिजे.

कार्डांचा इतिहास याला दुजोरा देतो. १९९० च्या दशकाअखेरीस गाजलेली रियलटेकची स्वस्त ८१३९ चिप आलेली सगळी पॅकेटे एकाच वर्तुळाकार बफरात टाकी. तिथून प्रत्येक पॅकेट उचलून दुसरीकडे नकलण्याचे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडे. इंटेलची त्याच काळातली ८२५५७ चिप मात्र ड्रायव्हरने नेमून दिलेल्या जागीच पॅकेट ठेवू शके. एकट्या संगणकाला हा फरक फारसा जाणवत नसे. राउटरचे तसे नाही. त्याचे सारे कामच पॅकेट एका कार्डातून घेऊन दुसऱ्यातून सोडण्याचे. १०० मेगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटे सेकंदाला सुमारे १,४८,८०० येऊ शकतात, गिगाबिटवर त्याच्या दहापट. २००३ मध्ये मोनोवॉल हे फायरवॉल सॉफ्टवेअर आणि पुढच्याच वर्षी त्यातून पीएफसेन्स निघाले. दोन्ही फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर उभे होते आणि तिथे इंटेलच्या ड्रायव्हरांचा लौकिक चांगला होता.

यावर कोणी म्हणेल, रियलटेक आता सुधारले आहे. खरेच आहे, त्याच्या गिगाबिट चिपा लिनक्सवर घरगुती जोडणी निभावून नेतात. म्हणूनच आधी कार्यप्रणाली ठरवावी, मग चिप. तर मग डोळे मिटून इंटेल घ्यावे का? तेही नाही. इंटेलच्या अडीच गिगाबिटच्या आय२२५ चिपेच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पॅकेटांमधले अंतर चुकत होते, काही स्विचांशी जोडल्यावर पॅकेटे गळत, आणि चिप सुधारावी लागली; आय३५० च्या नावाने नकली कार्डेही विकली गेली. मग थेट दहा गिगाबिटचे सर्व्हर-कार्डच बरे, हा शेवटचा आक्षेप. याला उत्तर जयपूरच्या जंतरमंतरातले अवाढव्य सूर्यघड्याळ, सम्राट यंत्र, देते. सुमारे २७ मीटर उंचीच्या त्या यंत्राची सावली सेकंदाला जवळपास एक मिलिमीटर सरकते; पण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्याने तिची कड काही सेंटिमीटर पुसट राहते. यंत्र वाढवले तसा पुसटपणाही वाढला. शंभर मेगाबिटच्या घरात ते मोठे कार्ड वीज खाईल, तापेल. वेग मात्र जोडणीचाच राहील. पैसे वेगाच्या आकड्यावर नकोत. चिपेची आवृत्ती, ड्रायव्हरचा लौकिक आणि विक्रेत्याचा भरवसा यांवर खर्चावेत.