अंगणातला दस्तऐवज

इतिहासाच्या अभ्यासकांना बेटमा ठाऊक आहे ते ताम्रपटामुळे. इ. स. १०२० मध्ये परमार राजा भोजाने कोकणविजयाच्या पर्वावर दिलेले भूमिदान त्यावर कोरलेले आहे. माळव्याच्या मातीत कोकणचे नाव सापडावे, याचे आम्हा मराठी माणसांना अप्रूप वाटते. परंतु इतिहास केवळ तांब्यावर राहत नाही, तो अंगणातही असतो. आणि अंगणातला हा दस्तऐवज आपण आपल्याच हातांनी पुसत आहोत.

महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विद्वान नगररचनेसाठी इंदूरला आले. त्यांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शहराला प्लेगने ग्रासले असताना त्यांनी दिवाळीत एक आगळी मिरवणूक काढली. ज्या भागातली घरे अधिक स्वच्छ, त्या भागातून मिरवणूक जाणार, असे जाहीर होताच घरोघर सफाई सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता आणि शेवटी एका गाड्यावरून माळी लोकांना तुळशीची रोपे वाटत होते. जिथे तुळस जोपासली जाते तिथे अंगण झाडले, सारवले जाते, हे त्या परक्या माणसाने अचूक ओळखले होते.

पुढे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर यशवंत वाड यांचेही नाव आहे. आपण जाळून टाकतो तो पाचोळा म्हणजे मातीचे अन्न, हा त्याचा सारांश.

माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात चिकचिकते, उन्हाळ्यात भेगाळते. पळस, करंज, कडुनिंब, बहावा ही झाडे हे दोन्ही सोसत आली आहेत. एकदा मूळ धरले की त्यांना रोजच्या पाण्याची गरज नाही. बहाव्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, कढीलिंबावर काळ्या फुलपाखरांच्या. अळ्या असल्या की पिलांना भरवायला पक्षी येतात. उलट, शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने देशभरातली राने व्यापली. परके ते सारे वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मेक्सिकोकडूनच आला. पण पाहुणा घरात असावा, घरमालकाला बाहेर काढून नव्हे.

माझ्या शाळेतली मराठी घरांतली मुले बहाव्याला ‘अमलतास’ म्हणतात. त्यात वावगे काही नाही. दोन भाषांच्या प्रदेशात एका झाडाला दोन नावे असणे ही श्रीमंतीच. चिंता आहे ती झाडच नसलेल्या अंगणाची. तिथे ‘अमलतास’ही उरत नाही आणि ‘बहावा’ही. फरशी घातलेल्या अंगणात आजीने नातवाला बोट दाखवून सांगावे तरी काय?

म्हणून वाचकहो, यंदा तुळशीच्या लग्नाला वृंदावनाभोवतीची एक फरशी काढा. येत्या पावसाळ्यात तिथे कढीलिंब लावा, जागा मोठी असेल तर बहावा. आणि मुलांना त्याची दोन्ही नावे शिकवा.