साकव, तर आणि पूल : जुन्नर-आंबेगावातील नदीपार वाटा

'पूल' हा शब्द फारसी आहे. त्यावरून मुसलमानी राजवटीपूर्वी या प्रदेशात पूल नव्हतेच, असे अनुमान करण्याचा मोह होतो. 'साकव' हा शब्द त्या अनुमानाच्या आड येतो.

संस्कृत 'संक्रम', प्राकृत 'संकम', मराठी 'सांकव' व 'साकव' ही परंपरा ध्वनिनियमांस धरून आहे. 'दंत'चा 'दात' होताना स्वर जसा दीर्घ झाला, तसाच तो येथेही झाला. स्वरमध्यस्थ मकाराचा वकार 'ग्राम–गाव', 'नाम–नाव' यांत दिसतोच. (नौकावाचक 'नाव' अर्थातच निराळा.) कौटिलीय अर्थशास्त्रात सैन्याच्या नदीपार जाण्याची साधने सांगताना स्तंभसंक्रम आणि सेतुबंध वेगवेगळे मोजले आहेत. 'साकव' हा पंडितांनी ग्रंथांतून उचललेला शब्द नव्हे. तो लोकांच्या तोंडून झिजत आला आहे. वस्तूच नसती, तर शब्द असा टिकला नसता.

मात्र हे साकव ओढ्यांवरचे, पायी जाणाऱ्यांचे. कुकडी, मीना व घोड या पूर्ववाहिनी नद्या पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात क्षीण. त्यांवर व्यापारी जलमार्ग होणे शक्य नव्हते. जुन्नरचा जलमार्ग नाणेघाटाखाली, कल्याणच्या खाडीत होता. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावरील लेखात दाता सुलसदत्त कल्याणचा म्हणून नोंदला आहे, ही गोष्ट या संबंधाची बोलकी साक्ष होय. नहपानाचा जावई उषवदात याने नावांच्या पुण्यार्थ तरी ठेवल्या, असे नाशिकचा लेख सांगतो. त्यातील सहा नद्यांपैकी पारादा, दमण, तापी व दाहनुका यांची ओळख पटते. त्या सर्व पश्चिम समुद्रास मिळणाऱ्या. नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, वर्ष 46 चा लेख जुन्नरलाच असूनही घाटमाथ्यावरील एकही नदी त्या यादीत दिसत नाही. लेखातील 'तर' कोकणच्या बोलीत आजही आहे.

पुढे मोठ्या बांधकामास 'पूल' आणि लहानास 'साकव' अशी वाटणी झाली. अलीकडे या तालुक्यांत 'साकव पूल' असेही म्हणतात. जुन्या शब्दाचा अर्थ पुसट झाला की नवा शब्द शेजारी बसतो, त्यातलाच हा प्रकार.

घोड नदीवर नाव चालू लागली ती डिंभे येथील धरणानंतर. जुने आंबेगाव जलाशयाखाली गेले, पायवाटा तुटल्या, आणि ज्या खोऱ्यात माणसे पायी पलीकडे जात होती तेथे काठच्या वाड्यांना नावेवाचून गत्यंतर उरले नाही.