संघ कोणाचा? मेयो काउंटी आणि मॅनेजर बदलण्याचा वाद

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचं आडनाव. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीत एका लॉर्डच्या जमिनीचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात सूट मागितली, त्यावरून कुळांना जमिनीवरून काढण्याची वेळ आली, आणि गावाने एक साधा मार्ग काढला. कुणी हात उगारला नाही, पण बॉयकॉटशी असलेले सगळे व्यवहार बंद झाले. शेतावर मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. उभं पीक काढायला बाहेरून माणसं आणावी लागली आणि त्या माणसांच्या रक्षणासाठी सैन्य. खर्च पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. पंचवीस वर्षांनी हाच शब्द बंगालच्या फाळणीनंतरच्या चळवळीत आला आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून बसला.

त्याच मेयोमध्ये २०१५च्या शरद ऋतूत फुटबॉल संघाच्या खेळाडूंनी आपल्याच दोन मॅनेजरांविरुद्ध अविश्वासाचं मतदान केलं. नंतरचे कित्येक महिने मेयोतली माणसं एकाच प्रश्नावर भांडत होती: हे बरोबर झालं का? तो वाद वरवर पाहता खेळाचा होता. प्रत्यक्षात तो संघ कोणाच्या मालकीचा, याबद्दलचा होता, आणि म्हणूनच तो इतिहासाचा विषय आहे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही, म्हणून थोडी माहिती. गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला १५ खेळाडू असतात. चेंडू हाताने झेलता येतो, पायाने मारता येतो. गोलाचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला की २०२४ पर्यंत सरसकट १ गुण मिळे; खालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे ३ गुण. स्कोअर गोल आणि गुण असा वेगवेगळा लिहितात, म्हणजे १-१५ याचा अर्थ १ गोल आणि १५ गुण, एकूण १८.

पण नियमांपेक्षा संघटना समजून घेणं जास्त महत्त्वाचं. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन म्हणजे ‘जीएए’ची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात झाली. बॉयकॉट प्रकरणाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्यांत मायकेल डेव्हिट होते. ते मेयोचेच, आणि कुळांचा लढा उभारणाऱ्या लँड लीगचे संस्थापक. म्हणजे जमिनीचा लढा आणि मैदानाचा खेळ एकाच घरातून निघाले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश पोलिसी दलांनी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना चालू असताना गोळीबार केला. त्यात १४ जण मेले, त्यातला मायकेल होगन हा खेळाडू होता. आज त्याच मैदानातल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे आणि अंतिम सामना जिंकणारा कप्तान तिथेच चषक उंचावतो.

या खेळात दोन गोष्टी आजही बदललेल्या नाहीत. पहिली, खेळाडूंना मानधन नाही. ८० हजार प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जाऊ शकतो. दुसरी, खेळाडू आपल्या काउंटीचा असतो. तो विकत घेता येत नाही. मेयोला चांगला फॉरवर्ड हवा असेल तर तो मेयोतच जन्मावा लागतो किंवा तिथे येऊन राहावा लागतो. आणि मेयोची लोकसंख्या किती, तर सुमारे १ लाख ३८ हजार. आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढी.

याचा परिणाम काय होतो? मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एखादी प्रणाली पुन्हा पुन्हा कोसळत असेल आणि तुम्हाला बदलता येण्यासारखी सेटिंग एकच असेल, तर तुम्ही तीच फिरवत बसता. दोष तिथे आहे असं सिद्ध झालेलं नसतं, हात तिथेच पोचतो म्हणून. मेयोच्या चाहत्याला खेळाडू बदलता येत नाहीत. त्यांना शिव्या देणंही अवघड, कारण तो बॅक तुमच्या चुलत्याच्या वर्गात होता आणि त्याची आई रविवारी चर्चमध्ये भेटते. मालक नाही, त्यामुळे मालकावर राग काढता येत नाही. बदलता येण्याजोगा एकच माणूस उरतो: मॅनेजर.

गंमत म्हणजे हे पद तसं अलीकडचं. १९७० च्या दशकापर्यंत काउंटीचे संघ बहुतेक वेळा निवड समित्या चालवत. या समित्या काउंटी बोर्डाच्या, म्हणजे गावोगावच्या क्लबांच्या प्रतिनिधींच्या. आपल्या क्लबच्या पोराला घ्या, तर मी तुमच्या पोराला मत देतो, हा व्यवहार आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. डब्लिनमध्ये केविन हेफरनन यांनी सूत्रं हातात घेतली आणि १९७४ साली संघ अजिंक्य केला. पाठोपाठ केरीमध्ये मिक ओ’ड्वायर आले आणि १९७५ ते १९८६ या काळात त्यांनी ८ अखिल आयर्लंड विजेतेपदं मिळवली. पुढे ओ’ड्वायर किल्डेअरला गेले, तर १९९८ मध्ये त्या काउंटीने ४२ वर्षांनी लेन्स्टर प्रांताचं विजेतेपद घेतलं. लीशला गेले, तर २००३ मध्ये त्यांनी ५७ वर्षांनी ते घेतलं. एक माणूस येतो आणि सगळं पालटतं, ही श्रद्धा तिथून रुजली.

मेयोला अशा श्रद्धेची गरज सगळ्यात जास्त होती. १९५१ मध्ये त्यांनी सॅम मॅग्वायर चषक जिंकला, तो शेवटचा. त्यानंतर ते ११ वेळा अंतिम फेरीत हरले: १९८९, १९९६, १९९७, २००४, २००६, २०१२, २०१३, २०१६, २०१७, २०२०, २०२१. दंतकथा अशी की १९५१ चा विजयी संघ मिरवत घरी येत असताना फॉक्सफर्ड गावात एक अंत्ययात्रा चालली होती. खेळाडू थांबले नाहीत, म्हणून पाद्रीबाबांनी शाप दिला: या संघातला शेवटचा माणूस जिवंत असेपर्यंत मेयो जिंकणार नाही. याला आधार नाही. पण १९५१ च्या अंतिम सामन्यात खेळलेले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये, मेयो टिरोनकडून अंतिम सामना हरल्यानंतर काहीच दिवसांत वारले. मेयोतल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

आता २०१५ कडे येऊ. त्याआधी चार वर्षं जेम्स होरन मॅनेजर होते. त्यांनी कॉनॉक्ट प्रांत सलग चार वर्षं जिंकला आणि दोनदा अंतिम फेरी गाठली. २०१४ च्या उपांत्य फेरीत केरीकडून पुन्हा खेळवलेल्या सामन्यात हार झाली आणि होरन यांनी पद सोडलं. नव्या नेमणुकीसाठी केविन मॅकस्टे यांचं नाव आघाडीवर होतं. बोर्डाने निवड केली ती पॅट होम्स आणि नोएल कॉनेली या जोडीची. दोघं मेयोचेच. होम्स यांच्या कारकिर्दीत संघाने २००१ ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. कॉनेली १९९६ च्या अंतिम सामन्यातले कप्तान. निवडीची पद्धत मात्र तेव्हापासूनच अनेकांना खटकली होती.

या जोडीने पहिल्याच वर्षी पुन्हा कॉनॉक्ट जिंकला. उपांत्य फेरीत डब्लिनशी बरोबरी झाली आणि फेरसामन्यात मेयो हरला. आकडे पाहिले तर एवढ्यावर कुणाला काढावं असं काही नव्हतं. पण महिनाभरात खेळाडूंनी गुप्त मतदान घेतलं. २७ विरुद्ध ७ असा निकाल तेव्हा वृत्तपत्रांत आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघांनी राजीनामा दिला.

चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं: ही पोरं वर्षातून दहा महिने, नोकरी सांभाळून, फुकट राबतात. त्यांच्या पायांत ताकद आहे तोवरची चार-पाच वर्षं हीच. सराव कमी दर्जाचा वाटत असेल तर तो सहन करायला ते कुणाचे नोकर नाहीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं: मॅनेजरही गावातलीच माणसं, तीही आपला वेळच देतात. एका वर्षात, उपांत्य फेरी गाठून, त्यांना असं घालवायचं? उद्या ज्याला संघात जागा नाही तो खेळाडूही मतदान मागेल. आणि जे जिंकलेच नाहीत त्यांना एवढा अधिकार कुणी दिला?

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि अडचण तीच आहे. बॉयकॉटच्या वेळी समोरचा माणूस परका होता, जमीनदाराचा होता. इथे समोर १९९६ चा कप्तान होता. बहिष्काराचं हत्यार परक्यावर चालवलं की चळवळ होते, आपल्यावर चालवलं की भाऊबंदकी होते.

पण मेयोच्या इतिहासात याला एक जुना दाखला आहे. १९४७ साली चार खेळाडूंनी काउंटी बोर्डाला पत्र लिहिलं होतं: काउंटीचा फुटबॉल रसातळाला चाललाय, बोर्डाचा कारभार सुधारला नाही तर आम्ही पुढे खेळू शकत नाही. त्या चौघांतले एक शॉन फ्लॅनगन. हेच फ्लॅनगन १९५० आणि १९५१ मध्ये कप्तान होते, म्हणजे चषक त्यांनीच उचलला. पुढे ते आयर्लंडच्या मंत्रिमंडळातही गेले. ज्या संघाची आठवण काढून मेयो आजवर रडतो, त्याचा पाया खेळाडूंच्या बंडात होता. ते बंड आज कुणी बंड म्हणत नाही. जिंकलं की बंडाची दूरदृष्टी होते.

२०१५ च्या खेळाडूंना ही सोय मिळाली नाही. ती एका गुणाने हुकली.

नवे मॅनेजर स्टीफन रॉचफर्ड. २०१६ च्या अंतिम सामन्यात मेयोने स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल घातले, तरी डब्लिनशी बरोबरी साधली. १ ऑक्टोबरच्या फेरसामन्यासाठी रॉचफर्ड यांनी गोलकीपर डेव्हिड क्लार्कला बसवून रॉबर्ट हेनेलीला घेतलं. कारण तांत्रिक होतं: गोलकीपरने मारलेल्या पहिल्या किकवर चेंडू आपल्याकडे राखणं हा आधुनिक खेळाचा कणा, आणि डब्लिन नेमकं तिथेच दाबत होतं. दुसऱ्या सत्रात हेनेलीच्या हातून चेंडू निसटला, त्याने प्रतिस्पर्ध्याला पाडलं, काळं कार्ड मिळून तो बाहेर गेला आणि पेनल्टीवर गोल झाला. डब्लिन १-१५, मेयो १-१४. त्या वर्षीच्या ऑल-स्टार संघात गोलकीपर म्हणून निवड झाली डेव्हिड क्लार्कची. पुढच्या वर्षी पुन्हा डब्लिन, पुन्हा अंतिम सामना, पुन्हा एक गुण.

२०१६ च्या डिसेंबरात होम्स आणि कॉनेली यांनी मुलाखत देऊन आपली बाजू मांडली. वाद पुन्हा पेटला. तो फेरसामना मेयोने एका गुणाने जिंकला असता, तर ती मुलाखत कुणी वाचलीही नसती. न्याय-अन्यायाचा एवढा मोठा प्रश्न एका किकवर टांगला गेला, हे मला या सगळ्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. निर्णय चांगला होता का आणि निकाल चांगला लागला का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतिहास लिहिताना आपणही ते सर्रास एक करतो.

पुढचं थोडक्यात. २०१८ मध्ये बोर्डाचा पाठिंबा नाही असं सांगून रॉचफर्ड गेले. होरन परत आले. २०२० मध्ये कोविडमुळे रिकाम्या मैदानात डब्लिनने २-१४ विरुद्ध ०-१५ असं हरवलं. २०२१ मध्ये टिरोनने हरवलं, स्कोअर नेमका तोच: २-१४, ०-१५. २०२२ मध्ये होरन गेले आणि आठ वर्षांपूर्वी डावलले गेलेले केविन मॅकस्टे आले. २०२३ ची लीग त्यांनी जिंकून दिली. मे २०२५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते बाजूला झाले, आणि जूनमध्ये बोर्डाने पत्रक काढलं: मॅकस्टे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जबाबदारीतून मुक्त करण्यात आलं आहे.

या वाक्यावर मेयोमध्ये जो संताप उसळला, तो मॅकस्टे यांच्या डावपेचांवर खूश असलेल्यांचाच होता असं नाही. त्यांनी जावं असं म्हणणारेही चिडले. भाषा कंपनीची होती. पगार न घेणाऱ्या, आजारपणातून उठणाऱ्या, स्वतः कधीकाळी त्याच जर्सीत खेळलेल्या आपल्या माणसाला नोकरीवरून काढल्यासारखं पत्रक. चाहत्यांना बदल मान्य होता, नातं तोडण्याची ती पद्धत मान्य नव्हती.

तिथे मला मूळ प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं वाटतं. संघ कोणाचा? कागदावर तो बोर्डाचा आहे, कारण नेमणूक क्लबांचे प्रतिनिधी करतात. मैदानात तो खेळाडूंचा आहे, कारण त्यांनी पाय मागे घेतला तर संघच उरत नाही. पण हरल्यावर ओझं वाहतात ते चाहते, पिढ्यानपिढ्या, आणि त्यांच्या हातात ना मत ना जर्सी. त्यांच्याकडे आहे तो फक्त वाद. मॅनेजर ठेवावा की बदलावा, हे भांडणं हाच त्यांचा मालकी हक्क.

ऑगस्ट २०२५ मध्ये नेमणूक झाली ती अँडी मोरन यांची. २०१७ चे आयर्लंडचे सर्वोत्तम फुटबॉलपटू, मेयोच्या अनेक हरलेल्या अंतिम सामन्यांत खेळलेले, आणि २०१५ मध्ये त्या ड्रेसिंग रूममध्ये बसलेले खेळाडू. ज्या खोलीने मॅनेजरांवर मतदान केलं, त्या खोलीतला माणूस आता स्वतः मॅनेजर आहे. त्यांच्याही नावाने एक दिवस भांडण होईल. मेयोत ज्याच्यावर भांडण होत नाही, तो आपला नसतो.