मागच्या प्रश्नाचं उत्तर

लसींच्या फ्रिजचं तापमान मोजणारं एक यंत्र आम्ही बनवत होतो. चाचणीत मी फ्रिजचं दार उघडं ठेवलं. सेन्सर गरम झाला, पण मिनिटाने घेतलेल्या वाचनातही स्क्रीनवरचा आकडा जुनाच. त्याच्या पुढच्या वाचनाला तो वाढला. दार लावल्यावरही तसंच, एक वाचन मागे. चेकसम बरोबर, एरर एकही नाही. दोन दिवस मी सेन्सरलाच दोष देत बसलो.

चूक सिरीयल पोर्टच्या ड्रायव्हरमध्ये होती. ती तिथे का लपू शकली, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९६० च्या दशकात डीईसी कंपनीत गॉर्डन बेल यांनी पीडीपी संगणकांना टेलिप्रिंटर जोडण्यासाठी एक सर्किट रचलं. तारेवरून एकेक करून येणारे बिट गोळा करायचे आणि अख्खं अक्षर संगणकाच्या हाती द्यायचं, हे त्याचं काम. हाच पहिला यूआर्ट. तेव्हा त्याला पूर्ण बोर्ड लागे. १९७१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने तो एका चिपमध्ये बसवला.

१९८१ च्या आयबीएम पीसीसाठी ८२५० ही चिप वापरली गेली. ती आलेला एकच बाइट सांभाळून ठेवायची. ९६०० बॉडला साधारण दर मिलिसेकंदाला नवा बाइट येतो. तेवढ्यात प्रोसेसरने आधीचा उचलला नाही, तर नवा त्याच्यावर लिहिला जाई. जुना गेला तो गेलाच. पण चिप ‘ओव्हररन’चा बिट वर करून तसं सांगायची तरी. पुढे १६५५० मध्ये १६ बाइटची रांग आली. पहिल्या आवृत्तीत ती रांगच सदोष होती, १६५५०ए मध्ये ती नीट चालली. आज तिच्यामागे ड्रायव्हर स्वतःचा आणखी मोठा बफर ठेवतो.

ही सगळी धडपड बाइट हरवू नये म्हणून. प्रोसेसरला उशीर झाला तरी बाइट थांबतो. पण तो कधीपासून थांबलाय, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. हरवल्याचा बिट आहे, शिळं झाल्याचा नाही.

आमच्या सेन्सरने सुरू होताना पहिलं उत्तर उशिरा दिलं. तोवर ड्रायव्हरचा टाइमआउट झाला होता. उत्तर नंतर आलं आणि बफरमध्ये बसून राहिलं. पुढच्या प्रश्नाला ड्रायव्हरने तेच उचललं, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर मागे राहिलं. चेकसम चुकणार कसा? उत्तर खरंच होतं, फक्त आधीचं.

प्रश्न पाठवण्याआधी बफर रिकामा करायला लागलो. पण उशिराचं उत्तर त्यानंतरही येऊ शकतं. सेन्सरचा बोर्डही आमचाच होता, म्हणून प्रत्येक प्रश्नाला क्रमांक दिला आणि उत्तरात तोच परत मागितला. जुळला नाही, तर उत्तर फेकून द्यायचं.

बहुतेक लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. एका मिनिटाने फार बिघडलं नसतं. पण स्क्रीन नेहमी एक वाचन मागे, म्हणजे दोन वाचनांमधल्या अंतराइतकी मागे राहत होती. वाचनं आणखी अंतराने घेतली असती आणि दार उघडं राहिलं असतं, तर स्क्रीनने किती वेळ ५ अंशच दाखवले असते, याचा हिशोब मी करून पाहिला. मग तो क्रमांक तपासणारा कोड पुन्हा एकदा वाचला.