वांद्र्याचा किनारा आणि आवाबाईंची अट

मंडळी, वांद्र्याचं नाव काढलं की हल्ली डोळ्यांसमोर येतो तो बँडस्टँडवर एका नटाच्या बंगल्यासमोर मोबाइल उंचावून उभा असलेला घोळका. आम्हीही तिथून मान वर करूनच गेलो आहोत, खोटं कशाला बोला! पण आज बंगला मागे टाकून रस्ता संपतो तिथपर्यंत चला. टोकाला किल्ला आहे.

किल्ला पोर्तुगीजांचा, १६४० सालचा. नाव 'कास्तेला द आग्वादा'. आग्वादा म्हणजे पाणी भरण्याची जागा; इथल्या गोड्या झऱ्यावर गलबतं पाणी भरून घेत. गोव्याच्या आग्वादचं नावही त्याच शब्दावरून आलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. हा किल्ला मराठ्यांकडे गेला तर समोरच्या माहीमवर तोफा रोखल्या जातील, ही इंग्रजांची धास्ती. त्यांच्या आग्रहामुळे त्याचा बराच भाग पाडला गेला. म्हणून आज उरली आहे ती थोडी तटबंदी, आणि तिच्या आडोशाला बसलेली जोडपी.

या तटावरून माहीम अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं. पण वांद्रे तेव्हा मुंबईत नव्हतं, बरं का. ते साष्टी बेटावर, आणि मध्ये खाडी. पलीकडे जायचं तर होडी. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. रस्ता बांधावा असं सगळ्यांना वाटे, पण पैसा घालायला सरकार राजी नव्हतं. शेवटी पुढे आल्या त्या सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी आवाबाई. त्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. मोत माउलीला केलेल्या नवसापोटी त्यांनी हे केलं, असं लोक सांगतात. ती दंतकथा समजा. महत्त्वाची आहे त्यांची अट : या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून सरकारने टोल घ्यायचा नाही.

आमच्या मते देणगीच्या रकमेहूनही ही अट मोठी. बग्गीवाल्याला दोन पैसे जड नव्हते. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या कोळणीला ते जाता-येता, रोजच्या रोज मोजावे लागले असते. माहीम-दादरचा लेडी जमशेटजी रोड, म्हणजे आपला एल. जे. रोड, तो या बाईंच्याच नावाचा. त्यावरून जन्मभर जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं?

पुढचं भराभर झालं. रेल्वे आली, १८७६ मध्ये नगरपालिका झाली, १९५० मध्ये वांद्रे बृहन्मुंबईत आलं. कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांच्या गावठाणांभोवती उपनगर वाढलं, आणि समुद्रकाठाला हवा खायला येणाऱ्यांची रीघ लागली. बँडस्टँड हे नावच मुळी बँड वाजवण्याच्या चौथऱ्यावरून पडलेलं.

पण काठ म्हणजे बाग, असं बरीच वर्षं नव्हतं. जॉगर्स पार्क १९९० मध्ये झालं, तेही कचरा टाकायच्या जागेवर. कार्टर रोड आणि बँडस्टँडचे आजचे फिरण्याचे पट्टे त्यानंतरचे. स्थानिक रहिवाशांनी पाठपुरावा केला, वास्तुविशारद पी. के. दास यांनी आराखडे केले. भरतीच्या दगडांवरची घाण जाऊन तिथे पायवाट आणि बाकं आली. बाकावर फ्लॅटवाले आजोबा बसतात, आणि दिवसभर मोटार चालवून आलेला ड्रायव्हरही. तिकीट कुणालाच नाही. चिंबईचे कोळी मात्र विचारतात की फिरायची वाट आमच्या होड्या ओढायच्या जागेवर आली तर आम्ही जायचं कुठे? प्रश्न रास्त आहे. सुशोभीकरण म्हटलं की जाळी सुकवायच्या जागेचा आधी विसर पडतो, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिलंय.

आता पुन्हा किल्ल्यावर या. समोर सागरी सेतू दिसतो. ३० जून २००९ ला त्याचं उद्घाटन झालं, लांबी सुमारे ५.६ किलोमीटर. दिसतो देखणा, वेळही वाचवतो. त्यावर टोल आहे, आणि पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, दुचाकीला मज्जाव आहे. कॉजवेवरून मात्र आजही कुणी पाटी घेऊन निघालं, तर एक पैसा न देता माहीमला पोचतं.