आषाढातलं उसनं

आषाढ लागलाय. साल १९४०, जिल्हा अजून कुलाबाच. नेरळ-कर्जतच्या मधल्या एका खाचरात तुम्ही गुडघाभर चिखलात उभे आहात. पाऊस तिरका लागतोय, लावणी जोरात आहे. तुमच्या पुढे वाकलेली ठाकरीण पहाटेपासून रोपं लावतेय. पोटात टाकळ्याची भाजी, तीही बिनभाकरीची. घरचा भात शिमग्यालाच सरला. मग मोळ्या विकल्या, मोहाची फुलं वेचली, कडूकंद खणले. ते कंद कसे शिजवतात ते बघायचं तर तिच्या झोपडीत डोकवा: चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायच्या, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, सकाळी पुन्हा उकळायच्या. एवढं केलं तरी जिभेवर कडवटपणा राहतो. घाईनं शिजवला तर पोर ओकतं.

संध्याकाळी तिच्यामागून सावकाराच्या वाड्यावर जा. ती पडवीच्या खाली, पागोळ्यांत उभी राहते.

"शेठ, चार पायल्या द्या. सुगीला आणून घालीन."

"दिढीनं घालशील ना?"

ती मान हलवते. गडी अधोलीनं भात मोजतो. देताना माप जेमतेम भरतं, परत घेताना त्यावर शीग लागणार. आज मण नेला तर चार-पाच महिन्यांत दीड मण. म्हणजे आज ती लावतेय त्या पिकातला वाटा आजच सावकाराच्या कणग्यात गेला. पुढच्या शिमग्याला तिची कणगी पुन्हा रिकामी, पुढच्या आषाढात ती पुन्हा इथेच.

हे ज्यानं नीट पाहिलं तो माणूस जवळच माथेरानचा, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, वकील. आपल्याला भाई कोतवाल आठवतात ते १९४२ मध्ये विजेचे मनोरे पाडणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेले. पण त्याआधी त्यांनी याच पट्ट्यात गावोगावी शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. मला ते काम मनोऱ्यांइतकंच धाडसाचं वाटतं. उपाशी माणसाला दया दाखवणं सोपं असतं. त्याचं उसनं कुठून येतं यात हात घातला की गावातली बडी धेंडं उठतात.

आता चाळीसेक वर्षं पुढे या. १९८१ मध्ये कुलाब्याचं रायगड झालंय. कर्जत-मुरबाड रस्त्यावर कशेळे गाव. इथल्या अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं आसपासच्या आदिवासी वाड्यांत धान्य बँका सुरू केल्यात. एका घरात शिरा. शेणानं सारवलेली कणगी, शेजारी वही, भोवती वाडीतलीच माणसं. कुणाच्या घरी किती खाणारी तोंडं, कुणाची बाई बाळंत झालीय, हे त्यांना विचारावं लागत नाही. पावसाळ्यात भात उचलायचा, सुगी झाली की थोड्या वाढाव्यासह परत घालायचा. तो वाढावा सावकाराकडे न जाता वाडीच्याच कणगीत पडतो. ना जमीन गहाण, ना पडवीखाली उभं राहणं. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनंही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँक योजना आणली.

महाराष्ट्र सरकारलाही हा काळ ठाऊक होताच. १९७८ पासूनची खावटी कर्ज योजना पावसाळ्यातल्या उपासमारीसाठीच होती. पण करोनाच्या वर्षी तिचं अनुदान झालं, कुटुंबामागे ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा, तेव्हा शासन निर्णय निघाला सप्टेंबर २०२० मध्ये. आषाढ-श्रावण तोवर उलटून गेले होते.

शेवटचा मुक्काम आजचा. खालापूर तालुका, एक कातकरवाडी, फेब्रुवारीतली सकाळ. अंगणवाडीताई एका पोराच्या दंडाला पट्टी गुंडाळतात. ११.५ सेंटिमीटरच्या आत घेर भरला तर मूल तीव्र कुपोषित, सगळे म्हणतात 'सॅम'. पट्टी लाल रंगावर थांबते. पण ताईंच्या वहीत त्याहून जास्त सलणारी गोष्ट आहे: कितीतरी नावांपुढे 'स्थलांतरित'. ती मुलं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर. त्यांचा दंड कोण मोजणार?

इथून मागे चला, फार नाही, गेल्या श्रावणापर्यंत. त्याच वाडीत भट्टीचा मुकादम आलाय. घरात तांदूळ नाही, रानात काम नाही. तो उचल देतो, घरवाला नोटा मोजून घेतो, दिवाळीनंतर जोडपं पोरांसकट भट्टीवर. तिथे हिशेब हजारी विटांवर, आणि उचल फिटेतो उन्हाळा सरतो. सावकाराची दिढी गेली, पण आषाढातलं उसनं तसंच राहिलं.

रेशन नाही असं नाही. कातकरी आदिम जमातींत मोडतात. २ मे २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं अशा कुटुंबांना अंत्योदय कार्ड मिळायला हवं, त्यावर महिन्याला ३५ किलो धान्य. कार्ड आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालतं. पण ते काढायला रहिवासाचा कागद लागतो. अर्धं वर्ष भट्टीवर आणि उरलेलं अर्धं मालकीच्या नसलेल्या जागेवर काढणाऱ्याकडे तो कुठून येणार? त्यात रायगड जिल्ह्याचा एकही तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणजे त्या क्षेत्रासाठीच्या खास तरतुदींचाही आधार नाही.

म्हणून कुपोषणाचा अभ्यास करायला येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की मार्गशीर्षात येऊ नका. तेव्हा कणगीत भात असतो, वजनं बरी भरतात. आषाढात या, आणि वजनाच्या रकान्याशेजारी एक रकाना उसन्याचा ठेवा: कुणाकडून, किती, कशाच्या बदल्यात. खावटी ज्येष्ठात वाडीवर पोचू द्या, कणगी पुन्हा भरू द्या. मग श्रावणात मुकादम येईलच. घरात पन्नास किलो तांदूळ असला तर बाई कदाचित भट्टीवर जाईलही, पण आधी हजारीचा दर विचारेल.