अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची सभा म्हणजे मद्यासक्तीतून मुक्त होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींनी परस्परांना अनुभव सांगण्यासाठी भरवलेली बैठक होय. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केली. दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट असून प्रवेशशुल्क नसते. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक देणगीतून भागवला जातो.

सभेची निवड
'बंद' सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. 'खुल्या' सभेस कुटुंबीय व इतरांनाही बसता येते. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत शेजारसंबंध दाट असल्याने ओळख उघड होण्याची भीती अनेकांना वाटते. सदस्य एकाच समूहाशी बांधलेला नसल्यामुळे त्याला घरापासून दूरच्या भागातील सभेस जाता येते. समूह स्वायत्त असून भाषा व वातावरण सर्वत्र सारखे नसते. म्हणून काही निरनिराळ्या सभा अनुभवून निवड करणे हितावह ठरते.

मर्यादा
सभा हा वैद्यकीय उपचार नव्हे. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास कंप, आकडी व भ्रम उद्भवून जिवावर बेतू शकते. त्यामुळे आधी परळच्या के.ई.एम.सारख्या रुग्णालयात वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही १९५१ साली स्थापन झालेली स्वतंत्र संघटना आहे.